सातव्या डावानंतर

तो खेळ बहिणीनं आणला. माझी मुलगी शिकायला पुण्याला गेली, त्या वर्षाची गोष्ट. रविवारी दुपारी जेवणं उरकली की आमचं घर इतकं गप्प व्हायचं की खालच्या मजल्यावरचा मिक्सर वर ऐकू यायचा. बहीण माझ्याहून पाच वर्षांनी धाकटी, राजारामपुरीत एका औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट होती. एका रविवारी ती आणि तिचा नवरा आले ते एक भलं मोठं खोकं घेऊन. ताटं उचलायच्या आधीच तिनं ते टेबलावर आदळलं.

"अक्का, लई गप्प झालंय तुझं घर. आता दर रविवारी मी येतो. चौदा डाव हायत ह्यात. चौदा झाले की खेळ संपला. कायमचा."

आमच्याकडं बायकाही 'मी येतो, मी जातो' म्हणतात. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळं माझी भाषा पुस्तकी झाली. तिची कधी झाली नाही.

खेळ असा होता: एका ओसाड खोऱ्याचा मोठा नकाशा, त्यातून वाहणाऱ्या तीन नद्या, आणि आपण चौघं तिथं वस्ती करायला आलेलो. एकमेकांविरुद्ध खेळायचं नाही, चौघांनी मिळून दुष्काळाशी झगडायचं. जिंकू ते सगळे, हरू तेही सगळे. पण खरी गंमत पुढंच होती. एका डावात जे घडेल ते पुढच्या डावात तसंच राहायचं. नवं गाव वसलं की त्याचं नाव पेनानं नकाशावर लिहायचं. विहीर आटली की तिथं काळा स्टिकर चिकटवायचा. काही पत्ते वापरले की फाडून टाकायचे. खोक्यात आणखी छोटी बंद खोकी होती, सांगितल्याशिवाय ती उघडायची नाहीत.

प्रत्येकानं एक माणूस व्हायचं होतं. माझे यजमान शिरोलीच्या फौंड्रीत सुपरवायझर, त्यांनी लोहार घेतला. बहिणीचा नवरा जनावरांचा डॉक्टर, मूळचा कबनूरचा. त्यांच्या घरात सगळे यंत्रमागावर, हे एकटेच गाई-म्हशींकडं वळलेले. त्यांना आम्ही सगळे डॉक्टरच म्हणतो. त्यांनी धनगर घेतला. बहिणीनं सगळ्यांच्या आधीच नावाडी उचलला होता, "नदी माझी" म्हणत. उरला वैद्य, तो माझ्या वाट्याला आला.

पहिल्याच डावात एक पत्ता निघाला. त्यावर शेवटी लिहिलं होतं, हा पत्ता फाडा. यजमान चिडले. "चांगला पत्ता हाय की! फाडायचा कशाला? ठेवूया बाजूला." डॉक्टरांनी तो हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, आणि परत ठेवला. त्यांच्यानं होईना. मग बहिणीनं तो उचलला आणि सरळ मधोमध टरकावला. आमची आई माझ्याकडंच राहते; ती कॉटवरून म्हणाली, "आगं, हळू." पत्ता फाडायला हळू काय आणि जोरात काय! पण बहीण थांबली, आईकडं बघून हसली, आणि उरलेले तुकडे अगदी हळू, एकेक करून फाडले.

"सापशिडीत साप गिळतो, आणि दुसऱ्या डावाला परत आपण पहिल्या घरात," ती म्हणाली. "मला न्हाई आवडत तसलं. ह्यात झालं ते झालं."

तिसऱ्या डावात आमचं भांडण झालं. दक्षिणेच्या नदीकाठी एक गाव वसवायचं की नाही यावर. तिघंही नको म्हणत होते, तिथली नदी बारीक होती. मी हटून बसले. मी थोरली, त्यात शिक्षिका. माझं ऐकायची सगळ्यांना सवय. शेवटी बहिणीनं हात जोडले, पेन उघडलं आणि गावाचं नाव लिहिलं: 'अक्काचंच खरं'. दुकानात दिवसभर औषधांच्या चिठ्ठ्यांवरची गिचमिड वाचणारीचं स्वतःचं अक्षर मात्र मोत्यासारखं होतं. सगळे हसले. मी म्हणाले, खोड ते. ती म्हणाली, "खोडता येत न्हाई. नियम वाच."

त्या गावाची विहीर सातव्या डावात आटली. तिघांचंच खरं निघालं, माझं नाही. सात डावांपैकी चार आम्ही हरलो होतो. घरी जाताना जिन्यातून ती ओरडली, "अक्का, पुढच्या रविवारी मटण मी करून आणतो, तू नुसत्या भाकरी कर!"

तो पुढचा रविवार आला नाही. बुधवारी सकाळी दुकानात औषधाची बाटली खाली काढताना ती स्टुलावरून खाली आली. पडली म्हणून काही झालं असं आधी वाटलं. पण आधी मेंदूत रक्तस्राव झाला होता आणि म्हणून ती पडली होती. शाळेत प्रार्थना चालू असताना मला फोन आला. दोन दिवस ती दवाखान्यात होती. मी बोलत राहिले, कारण नर्सनं सांगितलं होतं की बोलत राहा, ऐकू येत असेल. काय बोलावं ते सुचेना, म्हणून मी तिला आठव्या डावाचे बेत सांगितले. नदीच्या वरच्या अंगाला जाऊ, तुझा नावाडी पुढं काढू, मी मागं राहते. शुक्रवारी दुपारी ती गेली. बेचाळीस वर्षांची होती. मूल नव्हतं.

त्यानंतर बरेच दिवस डॉक्टर रविवारी येत राहिले. जेवायचे, आईजवळ बसायचे, यजमानांशी कुणाच्या तरी म्हशीबद्दल बोलायचे. खोकं कपाटावर होतं. ते वर बघायचे नाहीत आणि मीही बघायची नाही. हळूहळू त्यांचं येणं कमी झालं. एकदा आईनंच त्यांना समोर बसवलं आणि म्हणाली, "तुम्ही एकटे राहू नका. माझी लेक गेली, पण तुम्ही आमचेच आहात. बघा कुणी चांगली."

मी स्वयंपाकघरात होते. हातातली उलथणी तिथंच ठेवून बाहेर आले आणि आईला म्हणाले, "एवढी घाई कशाला?" आई म्हणाली, "घाई कुठली? वर्ष होत आलं." मला ते वर्ष झाल्याचं माहीत नव्हतं असं नाही. पण मोजणारी मी एकटीच आहे असं मला वाटत होतं.

त्यांनी केलं. मुलगी आजऱ्याची. मुलगी म्हणायची, पण अडतीस वर्षांची. पहिल्या नवऱ्यानं तिला टाकलं होतं, त्याला बारा वर्षं झाली होती. तेव्हापासून ती भावाकडं राहून काजूच्या कारखान्यात काम करायची. लग्न आजऱ्यातच साधेपणानं झालं. आई गेली, यजमान गेले. मला पेपर तपासायचे होते. खरंच होते, पण ते दुसऱ्या दिवशीही तपासता आले असते.

लग्नानंतर आईनं दोघांना जेवायला बोलावलं. आमच्यात रीत आहे, लेकीच्या जागेवर आलेलीला लेक मानायचं, तिला माहेर द्यायचं. आईनं तिची ओटी भरली, साडी दिली, "हे तुझंच घर" म्हणाली. ती आईच्या पाया पडली, मग बहिणीच्या फोटोच्या पाया पडली, मग माझ्याकडं वळली. मी दोन पावलं मागं सरले आणि पाण्याचे ग्लास भरायला लागले. तिनं सोबत काजू आणले होते. डबा माझ्या हातात देताना तिची बोटं दिसली. काजूच्या टरफलातलं तेल अंगाला लागलं की भाजतं. वर्षानुवर्षांच्या कामानं तिच्या बोटांची टोकं काळी पडली होती. माझ्या मनात पहिला विचार आला तो बहिणीच्या बोटांचा. गोऱ्या, स्वच्छ, औषधाच्या पट्ट्या कापणाऱ्या बोटांचा. हे मी आज लिहिते आहे, तेव्हाही मला त्या विचाराची लाज वाटते.

खेळाचा विषय डॉक्टरांनीच काढला. दोन-तीन महिन्यांनी, एका रविवारी.

"अक्का, निम्माच राहिलाय खेळ. ती असती तर म्हणाली असती, चौदा म्हणजे चौदा." ते थांबले. "ही पण खेळेल. मी सांगितलंय तिला सगळं."

मी काही बोलायच्या आत यजमान म्हणाले, "खेळूया की. मी तर कवापासनं वाट बघतोय." आणि स्टुलावर चढून त्यांनी खोकं खाली काढलं.

नियमाच्या पुस्तकात लिहिलं होतं, कुणी खेळाडू बदलला तर नव्या माणसानं जुन्याचं पात्र पुढं चालवावं किंवा नवं घ्यावं. डॉक्टर नावाड्याचा पत्ता काढायला लागले. मी म्हणाले, "नावाडी नको. त्यांना नवीन काहीतरी द्या."

ती म्हणाली, "होय, मला दुसरं द्या." आणि तिनं विणकर घेतला.

नियमाचं पुस्तक तिनं शांतपणे, ओळीवर काळं बोट ठेवून, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. आम्ही चौघांनी ते कधीच पूर्ण वाचलं नव्हतं. वाचून झाल्यावर तिनं हळूच विचारलं, "ह्यात असं लिहिलंय की धनगराला नदी ओलांडताना थांबावं लागत न्हाई. तुम्ही थांबत होता का?" डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. सात डाव ते प्रत्येक नदीकाठी थांबले होते!

आठवा डाव आम्ही जिंकलो. सहज जिंकलो. यजमानांनी टाळ्या वाजवल्या, आई कॉटवरून विचारायला लागली काय झालं, काय झालं. आणि डॉक्टर हसले. मोठ्यानं, तोंड वर करून, त्यांच्या जुन्या पद्धतीनं. दीड वर्षात मी ते हसू ऐकलं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. पण मी चहा ठेवते म्हणून आत गेले आणि नळ सोडून उभी राहिले. माझी बहीण ज्या खेळात चार वेळा हरली तो तिच्याशिवाय जिंकता येतो, हे मला सोसवत नव्हतं.

नवव्या डावाला दोन आठवड्यांनी बसलो. डाव मध्यावर आला आणि एक पत्ता निघाला. तो यजमानांनी वाचला: पाणी पुरणार नाही, एक गाव कायमचं सोडा, त्यावर हा स्टिकर लावा. सोबत एक राखाडी स्टिकर होता, गावाच्या नावावर बरोबर बसेल एवढा.

सगळे नकाशाकडं बघायला लागले. कुठलं गाव सोडायचं हे उघड होतं. एकाच गावाची विहीर आटलेली होती. यजमान हातातला पत्ता परत वाचायला लागले. मग डॉक्टरांनी तिला विचारलं, "तुला काय वाटतं?" त्यांनी तिला विचारायला नको होतं. आमच्या तिघांपैकी कुणीतरी ते बोलायला हवं होतं.

तिला त्या गावाची गोष्ट माहीत होती की नव्हती, मला अजून माहीत नाही. तिनं बोट ठेवलं. "हे. दक्षिणेचं. तिथं तसंही कोण राहणार?"

तिचं बोट 'अक्काचंच खरं'वर होतं.

मी म्हणाले, "दुसऱ्याच्या जागेवर चिकटायची सवयच आहे का हो तुम्हाला?"

हे वाक्य मी ओरडून म्हटलं नाही. वर्गात बोलते तसं, स्पष्ट शब्दांत म्हटलं. म्हणून ते राग आला आणि तोंडातून निसटलं असंही मला म्हणता येत नाही.

आई म्हणाली, "अगं ए!" यजमानांनी हातातला पत्ता खाली ठेवला. डॉक्टर उठून उभे राहिले. तिनं बोट उचललं. पदर नीट केला. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "मी ह्यांना विचारलं, तुमच्या आईला विचारलं, मगच आले. तुम्हाला विचारायचं राहिलं. चुकलं माझं."

टोमणा नव्हता त्यात. तिला खरंच तसं वाटत होतं.

ती दोघं गेली. यजमानांनी सोंगट्या, पत्ते, नकाशा, सगळं खोक्यात भरलं. स्टिकर तसाच, न लावता. मला म्हणाले, "बहीण गेली तुझी, मान्य. म्हणून काय तिनं मारलीय व्हय तिला?" आणि चप्पल घालून बाहेर पडले. आई चार दिवस माझ्याशी बोलली नाही.

डॉक्टरांनी येणं बंद केलं. सणाला यजमानांना फोन करायचे, माझी चौकशी करायचे, पण फोन माझ्याकडं द्या म्हणायचे नाहीत. मी माफी मागायचं रोज ठरवायची. शाळेत जाताना ठरवायची, येताना उद्यावर टाकायची. ज्यांना मी रोज 'चुकलं तर लगेच सांगावं' म्हणून शिकवत होते ती मुलं समोर बसलेली असायची.

फेब्रुवारीत आई बाथरूममध्ये पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. घरी आणलं तेव्हा दहावीच्या परीक्षा तोंडावर होत्या, मला रजा मिळेना. दिवसा सांभाळायला एक बाई ठेवली. ती तिसऱ्या दिवशी आलीच नाही. संध्याकाळी मी धावतपळत घरी आले तर आई स्वच्छ कपड्यांत, केस विंचरून बसलेली. कपाळावर कुंकवाची बारीक टिकली. भाताचं पातेलं घासून पालथं घातलेलं. मी विचारलं, बाई आली होती का? आई म्हणाली, "आली की." यजमान पेपर वाचत होते, त्यांनी मान वर केली नाही.

असे दहा-बारा दिवस गेले. एकदा मुगाच्या आमटीत ओलं खोबरं आणि तिरफळ लागलं. आमच्याकडं आमटीत तिरफळ घालत नाहीत, आजऱ्याकडं घालतात. मी आईकडं बघितलं. आई म्हणाली, "आता कळलं ना? मग विचारू नकोस."

ती रोज सकाळी मी बाहेर पडल्यावर येत होती आणि मी यायच्या आत निघून जात होती. ज्या घरात तिला मी तसं बोलले, त्या घरात येऊन माझ्या आईच्या शी-शूचं भांडं उचलत होती, अंग पुसत होती. वॉकर धरून तिला दारापर्यंत नेऊन आणत होती.

दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापकांना सांगून दुपारीच घरी आले. ती आईच्या पायाला तेल लावत होती. मला बघून उठायला लागली. मी म्हणाले, "बसा." मग मीही जमिनीवर तिच्यासमोर बसले. काय बोलायचं ते मी रिक्षात पाठ केलं होतं, त्यातलं एकही वाक्य आठवेना. मी एवढंच म्हणाले, "मी त्या दिवशी वाईट बोलले. ते बरोबर नव्हतं. मला माफ करा."

ती तेल लावत राहिली. मग म्हणाली, "माफ केलंय. पण मनातनं जाईल असं न्हाई सांगत मी. खोटं कशाला बोलू? नवऱ्यानं टाकल्यावर माझ्या भावजयीनं पण असंच बोलून दाखवलं होतं, इथं चिकटून बसलीया म्हणून. तोच शब्द." तिनं आईच्या टाचेला तेल चोळलं. "तुम्हाला कुठनं म्हाईत असणार ते!"

आई डोळे मिटून पडली होती, पण झोपली नव्हती. तिच्या डोळ्यांच्या कडेतून पाणी उशीवर जात होतं.

मी विचारलं, "नववा डाव अर्धा राहिलाय. आई बरी झाली की याल?"

"न्हाई," ती म्हणाली. "तो तुमचा खेळ हाय. तुमच्या बहिणीचा. तुम्ही तिघं खेळा, मी भाकरी करते तोवर."

आम्ही तिघं काही खेळलो नाही. आई उन्हाळ्यात आपली आपण वॉकरवर चालायला लागली, आणि पाऊस संपता संपता डॉक्टरांनी आजऱ्याला स्वतःचा दवाखाना काढायचं ठरवलं. तिच्या भावानं जागा बघितली होती. जायच्या आधी दोघं आईला भेटायला आली. डॉक्टर माझ्याशी बोलले, नीट बोलले, प्रकृती विचारली, शाळा विचारली. पण ते पूर्वी माझ्या स्वयंपाकघरात येऊन झाकण उघडून बघायचे, काय केलंय म्हणून. तसे आले नाहीत. बाहेर खुर्चीवर, पाहुण्यासारखे बसले.

बहीण गेली त्यात माझा काही दोष नव्हता. तिच्या मागं तिचं एक घर उरलं होतं, तिचा हसणारा नवरा उरला होता, रविवार उरले होते. ते मी घालवले. तिला कळलं असतं तर ती काय म्हणाली असती, याचा मी खूप विचार केला. बहुतेक मला दोन शिव्या घातल्या असत्या.

गेल्या महिन्यात आम्ही आजऱ्याला जाऊन आलो. आईला आता एवढा प्रवास झेपत नाही, तिनं दोघांसाठी लाडू दिले होते. दवाखान्याच्या मागंच त्यांचं घर आहे, पुढं भाताची खाचरं. डॉक्टर एका म्हशीच्या वेतासाठी गावात गेले होते, जेवायच्या वेळेला आले. तिनं नव्या तांदळाचा भात केला होता, वरून तूप वाढलं. मला आग्रह करून वाढलं. यजमानांना विचारलं, गुडघा कसा आहे. मी कुकरची शिट्टी होत नाही म्हणाले तर तिनं रबर बदलायला सांगितलं, कुठल्या दुकानात मिळेल तेही सांगितलं. अशाच गोष्टी. निघताना डॉक्टर गाडीपर्यंत आले आणि ती ओसरीवर उभी राहून हात हलवत होती.

गाडी उत्तूरच्या रस्त्याला लागल्यावर यजमान म्हणाले, "आज बोललीस की चांगली तिच्याशी."

"बोलले."

थोड्या वेळानं त्यांनी माझ्याकडं बघितलं. "मग रडतीस कशाला?"

"चांगली हाय हो ती," मी म्हणाले. "वाईट असती तर बरं झालं असतं."

उत्तूर आल्यावर त्यांनी एका टपरीपाशी गाडी उभी केली, माझ्या बाजूची काच खाली करून दिली आणि दोन चहा सांगितले.